बाविसाव्या मजल्यावरचं ऊन

रत्नागिरीला जाऊन आलेली माणसं समुद्राबद्दल बोलतात. थिबा राजवाडा, किल्ल्यावरचा दीपस्तंभ, भाट्याचा पूल, मांडवीचा सूर्यास्त असं काय काय सांगतात आणि फोनमधले फोटो दाखवतात. मी मे महिन्यात तिथे चार दिवस राहून आलो आणि माझ्या फोनमध्ये समुद्राचा एकही फोटो नाही. मी चारही दिवस एक इमारत बघत होतो. इमारत बावीस मजल्यांची होती आणि माझ्या खांद्याला लागत होती.

आधी खुलासा करतो. आमच्या हिची मामी, शालूमामी, रत्नागिरीत एका तीनमजली, अठरा बिऱ्हाडांच्या सोसायटीत तळमजल्यावर राहते. सोसायटीच्या नावात समुद्र आहे, खिडकीतून मात्र तो दिसत नाही. ती पाडून तिथे गावातली सगळ्यात उंच इमारत उभी राहायची आहे. सतरा घरांनी संमती दिली होती. मामीनं सही केली नव्हती, आणि सगळ्या सह्या झाल्याशिवाय विकासक कुदळ मारायला तयार नव्हता. तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी मयेकर यांनी हिला फोन केला, की तुमचे यजमान पालिकेत आहेत ना, त्यांना घेऊन या, मामी त्यांचं ऐकेल.

मी पालिकेत आहे हे खरं. सांगलीकडच्या एका पालिकेत, जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे. इमारतींविषयी मला एवढंच ठाऊक आहे की माणसं त्यांत जन्मतात आणि त्यांतच मरतात. पण हिच्या माहेरी आणि आजोळी ‘पालिकेत’ हा एकच शब्द पोचलेला आहे. लग्नाच्या पंगतीत कोणी तरी मला बांधकाम परवान्याचं विचारलं, मी घास गिळता गिळता मान हलवली, आणि तेव्हापासून मी त्या घराण्याचा तज्ज्ञ आहे. सासुरवाडीत माणसाला दुसरी काही प्रतिष्ठा नसते, म्हणून मीही ती दुरुस्त केली नाही.

गुरुवार: नाका

आंबा घाटाबद्दल लिहीत नाही, कारण घाटात मी डोळे मिटून घेतो. डोळे उघडले तेव्हा आम्ही रिक्षात होतो आणि रिक्षा नाक्यावर आपण होऊन थांबली होती. समोर दोन मजली फलक होता. फलकावर ती इमारत, मागे न भूतो न भविष्यति असा निळा समुद्र, पुढे सायकल चालवणारी गोरी मुलं, आणि खाली मोठ्या अक्षरांत: ‘आपल्या शहराची नवी ओळख. आपलं मत द्या. शुक्रवार ते रविवार.’

“बघितलात?” रिक्षावाला म्हणाला. “तुमी कुठले?”

मी सांगली सांगितलं.

“मग तुमाला नाय कळायचा. कलर बघा. पांढरा. हितं दोन पावसात हिरवा होईल नि तिसऱ्यात काळा. रत्नांग्रीत बिल्डिंगला कलर मालक देत नाय, शेवाळ देतो.”

मीटर पडलेला होता, पण त्याचं त्याला काही नव्हतं. पानाच्या टपरीवरचा एक जण पुढे आला आणि म्हणाला, की हा रंगाचा प्रश्नच नाही, आकाराचा आहे, हे सरळ डब्यावर डबा ठेवल्यासारखं दिसतं. तिसऱ्याला ते उभ्या ठेवलेल्या सुक्या बोंबलांच्या जुडीसारखं वाटत होतं. चौथ्याचं म्हणणं, वर आंब्याचा आकार द्यायला हवा होता. पाचवा म्हणाला, आंब्याचा आकार आधीच तीन चौकांत दिलाय, त्यातला एक पपईसारखा झालाय.

आमच्याकडे फलक लागला की लोक कोपऱ्यातले चेहरे बघतात: कोणाचा फोटो मोठा, कोणाचा गाळला. इथे लोक इमारत बघत होते आणि तिच्यात काय चुकलंय ते बघत होते. बरोबर काय आहे ते सांगायला वीस मिनिटांत एकही माणूस पुढे आला नाही. मला हे गाव तिथेच आवडलं.

शालूमामी सत्तरीची, काटक. मे महिन्यात तिचे हात मनगटापर्यंत पिवळे असतात. मामा गेले तेव्हा मुलं शाळेत होती. मामीनं सोसायटीच्या गच्चीवर आंबापोळी घालायला सुरुवात केली, आणि त्या गच्चीवरच्या उन्हात दोन्ही मुलं शिकून मुंबईला नोकरीला लागली. अजूनही तिची आंबापोळी दादर-ठाण्यात घराघरांत जाते. मुलं म्हणतात आता बस कर. मामी हो म्हणते आणि पुढच्या मे महिन्यात रस काढायला बसते.

रात्री तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी आणि फणसाची भाजी असं जेवण झालं. तिसरी भाकरी वाढून घेऊन मी कामाला हात घातला. नवी घरं, लिफ्ट, वाहनतळ, चोवीस तास पाणी. मामी ऐकत होती.

“जावईबुवा, तुमी पालिकेत हाव,” ती म्हणाली. “मग सांगा. बाविसाव्या माळ्याच्या वर काय हाय?”

मी माहितीपत्रक उलटंपालटं केलं. वर ‘आकाशविहार’ होता. म्हणजे पोहण्याचा तलाव आणि चार वेताच्या खुर्च्या.

“मग माझी आंबापोळी कुठं?”

मी म्हणालो, प्रत्येक घराला गॅलरी आहे.

“गॅलरीत ऊन किती वाजता येतो?”

मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, हल्ली वाळवायची यंत्रं मिळतात. मामीनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की ही पुढे सरकून म्हणाली, “अहो, तुम्ही भात घ्या.”

“ऊन कुठं ता बगा नि मला सांगा,” मामी म्हणाली. “मग लगेच सही करतंय. मला काय हौस नाय सतरा घरांचा शाप घ्यायची.”

एवढाच प्रश्न होता. पुढचे तीन दिवस अख्ख्या गावानं इमारतीवर मत दिलं, आणि हा प्रश्न कोणाच्याही मतात आला नाही.

शुक्रवार: गच्ची आणि मांडव

सकाळी गच्ची बघायला गेलो. मधोमध विटांची एक ओळ होती. पश्चिमेकडे मामीच्या आंबापोळीचे ट्रे, पूर्वेकडे तिसऱ्या मजल्यावरच्या हलिमाभाभींचे सोडे, म्हणजे सोलून वाळत घातलेल्या कोलंब्या. मी शहाणपणानं विचारलं, आंब्याला वास लागत नाही का?

हलिमाभाभींनी मला समजावून सांगितलं. सकाळी वारा डोंगराकडून येतो, तो सोड्यांवरून आंब्यावर जातो, म्हणून दहा वाजेपर्यंत आंबापोळीवरचं फडकं काढायचं नाही. दहाला वारा फिरतो, समुद्राकडून येऊ लागतो, मग फडकं काढायचं. आंब्याचा वास सोड्यांना लागला तर कोणाची तक्रार नसते.

तीस वर्षं हे असं चाललं आहे. कुठे लिहिलेलं नाही, ठराव नाही, सूचक-अनुमोदक नाहीत. त्याच सोसायटीला पाण्याच्या टाकीचा रंग ठरवायला चार सभा लागल्या होत्या आणि टाकी अजून सिमेंटच्याच रंगाची आहे.

आमच्याकडे वाळवण सोपं असतं. आमचं ऊन कोरडं, वाऱ्याला मीठ नाही. कुरडया टाकल्या की दुपारपर्यंत खडखडीत. इथे हवेतच पाणी. आंबापोळीला पाच-पाच दिवस लागतात. आज रसाचा एक थर, तो वाळला की उद्या त्यावर दुसरा, परवा तिसरा. एक दिवस ऊन चुकलं की बुरशी धरते.

हे सगळं ऐकून मी भारावलो आणि खाली येऊन मामीला म्हणालो, आज ट्रे मी वर नेतो. इथे माझ्या चुकीला सुरुवात झाली.

मामी रस स्वयंपाकघरात ओतून देते. बेकरीतून आणलेले चौकोनी पत्र्याचे ट्रे, तुपाचा हात फिरवलेले. असे सात ट्रे, तीन मजले. “आडवा धरा,” मामी म्हणाली, “नि कडेला अंगठा घालू नका.” चार ट्रे मी नेले. पाचव्याला गुडघे बोलू लागले. हिनं खालून वर पाहिलं आणि उरलेल्यांतले दोन उचलले. राहिला एक, माझ्या हातात.

अंगणात प्रदर्शनाचा मांडव होता. मधोमध इमारतीची प्रतिकृती, माझ्या खांद्याएवढी. मुंबईहून आलेल्या आर्किटेक्टच्या सांगण्यावरून मांडवाला वर भोक ठेवलं होतं, म्हणजे प्रतिकृतीवर खरं ऊन पडेल आणि सावल्या दिसतील. आकाशविहाराचा वरचा तुकडा घाटात मोडला होता, तो नंतर यायचा होता. म्हणून बावीस मजल्यांच्या डोक्यावर नुसतं सपाट चौकोनी पुठ्ठ्याचं छत होतं. कामगार चहाला गेले होते. मी तिथून जात होतो. गुडघा, ऊन, सपाट चौकोन. ट्रे तिथे मापानं कापून घेतल्यासारखा बसला.

पाच मिनिटांसाठी ठेवला होता, देवाशपथ. पण तेवढ्यात मयेकरांनी मला पकडलं, “हे आमचे पालिकेतले जावई” म्हणून विकासक शेटशी ओळख करून दिली, हातात नारळ दिला, फोटो काढला. मी मागे वळून पाहिलं तेव्हा मांडव भरलेला होता आणि मयेकर चष्मा वर करून प्रतिकृतीच्या माथ्याकडे बघत होते.

“हे वर काय केलंय हो?” त्यांनी मला विचारलं. मी तज्ज्ञ होतो.

सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी एकही खोटी नोंद केलेली नाही. त्या क्षणी मी म्हणालो, “छप्पर असेल. सोनेरी.”

शनिवार: लोकमत

रत्नागिरीत घरोघरी आंबापोळी घालतात. मग ती कोणी ओळखली कशी नाही, असं सांगलीत मला सगळ्यांनी विचारलं. एक तर ती खांद्याच्या उंचीवर होती, तिरक्या नजरेला नुसता चकाकणारा सोनेरी पट्टा दिसायचा. वास येत होता, पण मे महिन्यात अख्ख्या गावाला तोच वास येतो. आणि मुख्य म्हणजे मुंबईच्या आर्किटेक्टनं केलेल्या इमारतीवर आंबापोळी असेल अशी कोणाच्या मनात शंका येण्याचं कारण नव्हतं. कोणाही पुरुषाच्या, असं मला नंतर दुरुस्त करावं लागलं.

आर्किटेक्टला वाटलं, शेटनी आपल्याला न विचारता छप्पर बसवलं. शेटना वाटलं, आर्किटेक्टनं मोडक्या तुकड्याच्या जागी नवं आणलं. दोघांनीही एकमेकांचा मान राखून विचारलं नाही.

मी मांडवाच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलो. ट्रे काढायची संधी शोधत होतो. लोकांना वाटलं पालिका लक्ष ठेवून आहे. टेबलावर अभिप्रायाची वही होती. गावानं तिच्यात पोटातलं सगळं लिहिलं. इमारत फार उंच आहे. इमारत पुरेशी उंच नाही, चिपळूणवाले हसतील. काचा फार आहेत, वादळात कोण जबाबदार? काचा कमी आहेत, मग समुद्र कशाला दाखवलात? एका निवृत्त मास्तरांनी पानभर लिहून शेवटी म्हटलं होतं, की इमारत जांभ्या दगडाची असावी आणि दोन मजल्यांची असावी. एकानं विचारलं होतं, की बाविसाव्या मजल्यावर गणपती लिफ्टनं न्यायचा की जिन्यानं, आणि लिफ्टमध्ये आरती म्हणावी काय.

हलिमाभाभींचे यजमान इब्राहिमचाचा आखातात वीस वर्षं बोटीवर होते. ते प्रतिकृतीभोवती हात मागे बांधून दोनदा फिरले.

“दुबईत ही वॉचमनची खोली म्हणून चालली असती,” ते म्हणाले. मग वर पाहून थांबले. “पण छप्पर चांगलं हाय. बंदरात येताना लांबून चमकेल.”

आणि हीच गोष्ट जो तो लिहीत होता. रंगावर, आकारावर, काचांवर ज्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं ते सगळे त्या छपराशी आले की एक होत. ‘छप्पर सुरेख.’ ‘सोनेरी छत ही खरी कोकणची ओळख.’ एका कवीनं चार ओळी लिहिल्या. एका तरुण जोडप्यानं त्याच्यासमोर फोटो काढला. मोतीबिंदू झालेले एक आजोबा कितीतरी वेळ जवळून बघून मला म्हणाले, गाड्या काय बारीक केल्यात हो, आणि चालतायत पण. मी बघितलं. सोळाव्या मजल्यावरून मुंग्यांची रांग वर निघाली होती.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. काल छप्पर फिकट होतं. आज सकाळी ते गडद आणि जाड दिसत होतं. मयेकरही म्हणाले, कालच्यापेक्षा आज जास्त खुललंय. मी मनाशी ठरवलं, उन्हानं होत असेल. सांगलीच्या माणसाला कोकणातल्या उन्हाचं काय कळणार.

बायका वहीत काही लिहीत नव्हत्या. मांडवात यायच्या, वर बघायच्या, एकमेकींना कोपरानं ढोसायच्या आणि निघून जायच्या. दुपारी हलिमाभाभी आल्या. त्यांनी नुसतं पाहिलं आणि जाता जाता माझ्या खुर्चीशी थांबल्या.

“छप्पर वाळलं की हाक मारा, भाईजान.”

संध्याकाळी मामीला सगळं सांगून टाकायचं असं ठरवून घरात गेलो. मामी पानावर बसलेल्या सगळ्यांना बांगडा वाढत होती. तिनं ट्रेबद्दल विचारलं नाही. सात गेले, सहा वाळतायत, हे तिच्या लक्षात आलं नसावं असं मी समजलो आणि दुसरा बांगडा घेतला. तो फार चांगला झाला होता.

“ऊन बगितलात काय?” तिनं एवढंच विचारलं.

मी म्हणालो, उद्या बघतो.

रविवार: सभा

सभा चारला होती. छप्पर आणखी गडद झालं होतं, आता अगदी देवळाच्या कळसासारखं. शेट, आर्किटेक्ट आणि मयेकर टेबलामागे बसले. अठराही बिऱ्हाडं आली होती आणि गावही आलं होतं. मामी दिसत नव्हती.

आर्किटेक्ट तिशीचा, हुशार आणि दमलेला मुलगा होता. त्यानं वही वाचून काढली होती. तो म्हणाला, की बाकी सगळ्या बाबतीत लोकांची मतं एकमेकांना छेद देणारी आहेत, पण एका बाबतीत संपूर्ण एकमत आहे. छप्पर.

टाळ्या पडल्या. शेट उठले.

“ही कल्पना,” ते म्हणाले, “माझीच.”

आर्किटेक्टनं त्यांच्याकडे पाहिलं. पुन्हा टाळ्या पडल्या. मग शेटनी जाहीर केलं, की लोकमताचा आदर करून आकाशविहार रद्द. त्याऐवजी माथ्यावर संपूर्ण सोनेरी पत्र्याचं उतरतं छप्पर. त्यावर पाणी साचणार नाही, शेवाळ धरणार नाही, आणि वर कोणालाच जाता येणार नसल्यामुळे जिना, कठडा, कुलूप कशाचीच कटकट नाही.

लोकांना ते फार आवडलं. मघापर्यंत बाविसाव्या मजल्यावर निदान सपाट जागा तरी होती. पोहण्याच्या तलावाच्या कडेला दोन ट्रे मावले असते. मामीनं मला एकच काम सांगितलं होतं, ऊन कुठे आहे ते शोधायचं. तीन दिवसांत मी होतं तेवढं ऊनसुद्धा पत्र्याखाली घातलं होतं. तेही तिच्याच ट्रेनं.

ही माझ्या शेजारी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पण हळूच म्हणाली, “अहो, उठा आता.” म्हणजे तिलाही माहीत होतं.

मी उठलो. तज्ज्ञ बोलणार म्हणून सगळे माझ्याकडे वळले.

“ते छप्पर माझं आहे,” मी म्हणालो. “म्हणजे, मी ठेवलंय. म्हणजे, मामीचं आहे.”

शेटनी भुवया वर केल्या. मयेकर म्हणाले, साहेब पालिकेत आहेत, तांत्रिक बोलतायत. मी म्हणालो, की मी पालिकेत जन्म-मृत्यूच्या खिडकीत आहे, मला इमारतीतलं काही कळत नाही, मला फक्त गुडघे आहेत. हे वाक्य मी असं का बोललो ते मला अजून कळलेलं नाही.

तेवढ्यात मामी आली. एका हातात स्टूल, एका हातात सुरी. तिनं प्रतिकृतीशेजारी स्टूल मांडलं, पदर खोचला आणि वर चढली. मी धरायला धावलो तर म्हणाली, “तुमी लांब ऱ्हावा.” सुरीचं टोक ट्रेच्या कडेनं चारी बाजूंनी फिरवलं. मग दोन्ही हातांनी एका कोपऱ्यातून अलगद ओढत शहराच्या नव्या ओळखीचं छप्पर तिनं सोलून काढलं. ते एकसंध निघालं. उजेडात धरलं तेव्हा त्यातून पलीकडचे मयेकर केशरी दिसले.

बायकांच्या बाजूनं हसू फुटलं. दोन दिवस दाबून ठेवलेलं.

मामीनं टेबलावरच्या वहीवर फडकं अंथरलं, त्यावर आंबापोळीची गुंडाळी केली आणि तुकडे पाडत म्हणाली, “घ्या. सगळ्यांनी घ्या. तुमचा छप्पर हाय.”

हलिमाभाभींनी तुकडे वाटले. पहिला शेटना, दुसरा आर्किटेक्टला, मग मास्तर, कवी, मयेकर, इब्राहिमचाचा. तिसऱ्या दिवशीची आंबापोळी अजून ओलसर असते. दातांना बसते, टाळूला चिकटते. सगळ्यांची तोंडं बंद झाली. रत्नागिरीत सलग पाच मिनिटं कोणाचंही मत आलं नाही. त्या पाच मिनिटांत मामी बोलली.

“मी नको म्हनत नाय. लिफ्ट पायजे, माझे पाय पन दुकतात. कलर कसला बी द्या. आंब्यासारका करा नायतर बोंबलासारका करा. मी तीन दिवस वाट बगितली, हितं कोन तरी विचारल, की शालूबाय, तू वर काय करतेस. नाय विचारला. तुमी सगळ्यांनी बिल्डिंग रस्त्यावरून बगितलात. आमी गच्चीवर जगतो. मला वर ऊन पायजे. हिला पन पायजे.” तिनं हलिमाभाभींकडे बोट केलं.

आर्किटेक्टनं घास कसाबसा गिळला. मग त्या तीन दिवसांत कोणी विचारला नव्हता तो प्रश्न त्यानं विचारला.

“किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत?”

“दहा ते चार. मधे कोनाची सावली नको. पानी साटायची टाकी नको. नि मधे विटा लागतील.”

“विटा कशाला?”

ते हलिमाभाभींनी सांगितलं. सोडे, डोंगराचा वारा, दहा वाजता फिरणारा वारा. मुलगा ऐकत गेला. मग त्यानं खिशातून पेन्सिल काढली, नकाशा उलगडला, वरच्या मजल्यावरचा तलाव खोडला आणि तिथे मोकळा चौकोन काढला. मध्ये एक रेघ मारली, बाजूला वाऱ्याचे बाण दाखवले. पाण्याची टाकी उत्तरेच्या कोपऱ्यात नेली, म्हणजे सावली बाहेर पडेल. शेटनी हात वर करून काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, पण तोंड सुटेना. गावाची नजर त्यांच्यावर होती. त्यांनी मान डोलावली.

“आनि चावी?” मामी म्हणाली.

मयेकरांनी खिशावर हात ठेवला. गच्चीची चावी तीस वर्षं त्यांच्याकडे होती आणि ती मागायला मामीला रोज सकाळी दुसऱ्या मजल्यावर जावं लागे. आर्किटेक्टनं त्यांच्याकडे पाहिलं, मामीकडे पाहिलं आणि चौकोनाच्या खाली लिहिलं: ‘चावी: शालूमामी व हलिमाभाभी.’

मयेकरांनी संमतीपत्र आणि पेन पुढे केलं. सगळं गाव टाचा उंचावून बघत होतं. मामीनं पदराला हात पुसले, पेन घेतलं, नकाशा डोळ्यांजवळ धरला आणि पेन परत दिलं.

“ही पेनशील हाय,” ती म्हणाली. “छापून आना. मग करतंय.”

सोमवार: परतताना

निघताना मामीनं डब्यात सातव्या ट्रेचा उरलेला तुकडा दिला आणि हिला सांगितलं, दोन दिवस सांगलीच्या उन्हात घाल. मी शेवटी विचारलंच, की मामी, तुम्हाला कधी कळलं?

“शुक्रवारीच. सात दिले, वर सा मोजले. खाली येऊन बगते तर ह्यो.”

“मग शनिवारी...”

“सकाळी तुमी घोरत होताव. दुसरा थर घालायला नको? रस फुकट गेला असता.” ती थांबली. “रविवारी तिसरा घातला. ऊन चांगला होता मांडवात. ता आर्किटेक्टचं पोर हुशार हाय.”

ही रिक्षात बसेपर्यंत हसत होती. रिक्षा नाक्यावर पुन्हा आपण होऊन थांबली. फलकावर ‘आपलं मत द्या’च्या खाली कोणीतरी खडूनं लिहिलं होतं, ‘दिलं.’

पंधरा दिवसांनी, मी खिडकीमागे एका जुळ्यांच्या नोंदीत गुंतलेला असताना मामीचा फोन आला. छापील नकाशा आला होता. तलाव नव्हता. चौकोन होता, रेघ होती, वाऱ्याचे बाण होते आणि आत लिहिलं होतं, ‘वाळवणाची गच्ची’. चावीची ओळही छापली होती, नावांसकट. इब्राहिमचाचांनी भिंग लावून तपासली, मग मामीनं सही केली.

मी तिचं अभिनंदन केलं. म्हटलं, सगळ्यांत शेवटी का होईना, तुमची सही झाली.

“माझी शेवटची,” मामी म्हणाली. “पयला अंगठा तुमचा. डबा उगडून बगा, कोपऱ्यात उमटलाय.”

घरी जाऊन बघितलं. कडेला, वरच्या दोन थरांखाली, माझा अंगठा अगदी स्पष्ट होता. कडेला अंगठा घालू नका म्हणाली होती, मी घातला होता. तो कोपरा सोडून बाकीची आंबापोळी आम्ही संपवली.